जबड्याचा सांधा दुखतोय? आधी कोणते उपचार, शस्त्रक्रिया कधी?

सकाळी उठल्यावर गालफडे जड वाटतात. जांभई देताना कानापाशी ‘कट्’ असा आवाज होतो. वडापावचा मोठा घास घ्यायचा तर तोंड पुरेसे उघडत नाही. कान दुखतो म्हणून रुग्ण आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जातो. कान ठीक असतो. मग दंतवैद्यांकडे जातो. दाढही ठीक असते. डोके दुखते म्हणून कुणी चष्म्याचा नंबर तपासून घेतो. या फेऱ्यांनंतर कधीतरी ‘टीएमजे’ हा शब्द कानावर पडतो आणि पाठोपाठ उपचारांची लांबलचक यादी समोर येते. नाइट गार्ड, लेझर, बोटॉक्स, दात तासून चावा जुळवणे, तारा बसवणे, सांध्यात इंजेक्शन, शस्त्रक्रिया. पुण्यासारख्या शहरात यातले जवळपास सगळे उपलब्ध आहे. त्यामुळे रुग्णापुढचा प्रश्न उपचार मिळण्याचा नसून, आधी काय करायचे आणि काय लगेच करायचे नाही, हा आहे. कारण यातले काही उपचार नको वाटले तर थांबवता येतात, काही मात्र एकदा केले की मागे फिरता येत नाही.

हा सांधा चालतो कसा?

कानाच्या भोकासमोर बोट ठेवून तोंड उघडले-मिटले, तर बोटाखाली काहीतरी हलताना जाणवते. तोच जबड्याचा सांधा, म्हणजे टेम्पोरोमॅन्डिब्युलर जॉइंट किंवा टीएमजे. खालच्या जबड्याचे गोलसर टोक आणि कवटीतील खोबण यांच्यामध्ये एक लवचिक चकती असते. यंत्रात दोन भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून वॉशर घालतात, तसेच काहीसे तिचे काम.

हा सांधा दाराच्या बिजागरीसारखा फक्त फिरत नाही. तोंड उघडायला लागले की जबड्याचे टोक आधी जागच्या जागी फिरते आणि नंतर चकतीसह पुढे घसरते. डावा आणि उजवा असे दोन सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्याने दोन्ही बाजूंची हालचाल एका वेळी व्हावी लागते. बोलणे, चावणे, गिळणे, जांभई या सगळ्यांत तो वापरात असतो. पाय मुरगळला तर चार दिवस झोपून राहता येते. जबड्याला तशी पूर्ण सुटी देता येत नाही.

दुखणे सांध्याचे की स्नायूंचे?

‘मला टीएमजे झाला आहे’ असे सर्रास म्हटले जाते. पण टीएमजे हे सांध्याचे नाव आहे, आजाराचे नव्हे. आजारांच्या गटाला टीएमडी म्हणतात आणि त्यात ढोबळमानाने तीन प्रकार येतात. पहिला, चावण्याच्या स्नायूंचे दुखणे. गाल, कानशील आणि जबड्याच्या कोनापाशी दाबल्यावर दुखते, सकाळी जास्त जाणवते. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. दुसरा, चकती जागेवरून सरकणे. तोंड उघडताना चकती पुन्हा जागेवर आली तर ‘कट्’ असा आवाज होतो. ती आलीच नाही तर तोंड अर्ध्यावर अडते. तिसरा, सांध्याची झीज किंवा संधिवात. यात वाळू घासल्यासारखी करकर जाणवू शकते. एकाच रुग्णात एकाहून अधिक प्रकारही असतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय दंत संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार ५ ते १२ टक्के लोकांना टीएमडीचा त्रास असतो. स्त्रियांमध्ये तो अधिक दिसतो.

एक दिलासा येथेच द्यायला हवा. आवाज येतो, पण दुखत नाही आणि तोंड नीट उघडते, तर बहुतेकदा उपचारांची गरज नसते. कसलाही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणांत चकती सरकलेली आढळली. म्हणजे अहवालात ‘चकती सरकली आहे’ असे लिहून आले, एवढ्यावरून शस्त्रक्रियेची तारीख ठरत नाही.

कारण दातांत आहे का?

सेंट लुइसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये कानाच्या तक्रारींचा संबंध जबड्याच्या सांध्याशी आणि दातांच्या चाव्याशी जोडला. तेव्हापासून अनेक दशके ‘चावा बिघडला म्हणून सांधा बिघडला’ हा समज पक्का राहिला. त्यातूनच दात तासून चावा जुळवण्याची पद्धत रुजली.

पुढच्या संशोधनाने हे चित्र बदलले. अमेरिकेत ‘ओपेरा’ नावाच्या मोठ्या अभ्यासात टीएमडी नसलेल्या १८ ते ४४ वयोगटातील लोकांवर अनेक वर्षे लक्ष ठेवण्यात आले. दरवर्षी त्यातील साधारण ४ टक्के लोकांना नव्याने त्रास सुरू झाला. कुणाला होईल याचा अंदाज देणाऱ्या गोष्टींत शरीराच्या इतर तक्रारी, झोप, मानसिक ताण आणि एकूण आरोग्य यांना वजन होते. चावा जुळवण्यासाठी दात तासल्याने टीएमडी बरा होतो किंवा टळतो, याला पुरावा नाही, असे २००३ च्या कॉक्रेन आढाव्यात म्हटले आहे.

रोजच्या सवयींचा भारही असतोच. परीक्षेच्या किंवा कामाच्या तणावात नकळत दात आवळून बसणे, झोपेत दात खाणे, तासन्‌तास च्युइंगम चघळणे, हनुवटी हातावर टेकवून लॅपटॉपसमोर बसणे. शिवाय पुणे दुचाकींचे शहर आहे. पडल्यावर हनुवटी आपटली की तो धक्का हाडातून थेट सांध्यापर्यंत जातो. हनुवटीवर साधी खोक दिसत असली, तरी कानापाशी जबड्याचे टोक मोडलेले असू शकते. हनुवटी उघडी ठेवणारे हेल्मेट ही जागा वाचवत नाही.

निदान कसे होते?

मुख्य साधन म्हणजे डॉक्टरांचे कान आणि बोटे. दुखणे कधीपासून, कशाने वाढते हे विचारणे, स्नायू आणि सांधा दाबून पाहणे, तोंड किती उघडते ते मोजणे. प्रौढ व्यक्तीचे तोंड साधारण ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडते. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर स्वतःची तीन बोटे उभी करून पुढच्या दातांमध्ये मावतात का, ते पाहावे.

संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, हाडे आणि दात दाखवतो. चकती पाहायची तर एमआरआय लागतो. पण प्रत्येक रुग्णाला एमआरआयची गरज नसते. त्याच्या निष्कर्षाने उपचार बदलणार असतील, तरच तो करण्यात अर्थ आहे.

तोंड उघडत नाही, म्हणजे सांधाच बिघडला का?

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. गुटखा, मावा, सुगंधी सुपारी खाणाऱ्यांमध्ये तोंड हळूहळू कमी उघडण्याचे मोठे कारण सांधा नव्हे, तर गालाच्या आतील अस्तराखाली तयार होणारे कडक पट्टे हे असते. या आजाराला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये १९५२ साली त्याची नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईतील डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन केले. सुपारी हे त्याचे प्रमुख कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण साधी सुपारी निरुपद्रवी असल्याचा समज टिकून आहे.

दोन्हींतला फरक ओळखता येतो. टीएमडीमध्ये बहुधा दुखते, आवाज येतो, त्रास कमी-जास्त होतो. फायब्रोसिसमध्ये तिखट खाल्ल्यावर आग होते, गाल आतून पांढरट आणि ताठ लागतो, फुंकर मारणे किंवा शिट्टी वाजवणे जड जाते आणि तोंड महिन्यागणिक कमी उघडत जाते. केरळमध्ये अशा रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले असता ७.६ टक्के जणांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. अशा रुग्णाने सांध्याचा त्रास समजून सहा महिने नाइट गार्ड लावण्यात घालवले, तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही. सुपारी पूर्ण बंद करणे हा येथे पहिला उपचार. सोबत तोंडाची तपासणी आणि गरज वाटल्यास तुकडा काढून बायोप्सी.

टीएमडीच असेल, तर पहिली पायरी कोणती?

समजून घेणे आणि जबड्याला आराम देणे. बहुसंख्य रुग्णांना साध्या उपायांनी काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरे वाटते.

- ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची विसाव्याची स्थिती. दिवसभरात दात एकमेकांना टेकायला हवेत ते चावताना आणि गिळताना, तेही थोडाच वेळ. संगणकाच्या कडेला ‘दात सुटे’ अशी चिठ्ठी चिकटवणे हा साधा पण उपयोगी उपाय आहे.
- काही दिवस मऊ जेवण घ्यावे. मुगाची खिचडी, मऊ भात-वरण, दुधात कुस्करलेली भाकरी चालेल. ऊस, चिक्की, कडक लाडू, च्युइंगम नको. घास लहान घ्यावा.
- दुखऱ्या स्नायूवर दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे सोसवेल इतका गरम शेक घ्यावा.
- जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी, म्हणजे तोंड एकदम वासले जात नाही.
- फोन मान आणि खांद्यात धरून बोलणे, पेन चावणे, हनुवटी टेकवून बसणे टाळावे.
- आरशासमोर जीभ टाळूला लावून, हनुवटी डावी-उजवीकडे न जाऊ देता तोंड सावकाश उघडावे आणि मिटावे. दुखणे वाढले तर थांबावे.

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि थोड्या दिवसांपुरत्याच घ्याव्यात. रोज गोळी घेऊन दुखणे दाबत राहिल्यास पोट आणि मूत्रपिंडाला धोका असतो.

दुखणे तीन महिन्यांहून लांबले तर?

डिसेंबर २०२३ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने टीएमडीच्या जुनाट वेदनेसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दीडशेहून अधिक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासून त्या तयार करण्यात आल्या आणि ते काम करणाऱ्या गटात रुग्णही होते. ज्या उपचारांची ठाम शिफारस करण्यात आली, ते सगळे साधे निघाले. जबड्याचे देखरेखीखालील व्यायाम आणि ताण देणे, फिजिओथेरपिस्टने हाताने सांधा मोकळा करणे, स्नायूंतील दुखऱ्या गाठींवर दाब देणे, मान-पाठीची ठेवण सुधारणारे व्यायाम, घरी करायचे व्यायाम आणि माहिती, तसेच कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपी.

शेवटचे नाव ऐकून अनेक रुग्ण दुखावतात. ‘दुखते जबड्यात आणि पाठवतात मानसोपचाराला, म्हणजे आम्ही सोंग करतो का?’ असा त्यांचा सूर असतो. तसे नाही. वेदना खरीच असते. पण ताणात दात आवळले जातात, दुखण्याने झोप जाते, झोप गेल्याने दुखणे अधिक बोचते. हे चक्र कोठेतरी तोडायचे, एवढाच या उपचाराचा हेतू. काही बैठकांत दात आवळण्याची सवय ओळखणे, दुखण्याची भीती कमी करणे आणि झोप सुधारणे शिकवले जाते.

नाइट गार्ड घ्यावा का?

येथे मतभेद आहेत. बीएमजेच्या सूचनांनी जुनाट वेदनेसाठी काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटच्या विरोधात सौम्य शिफारस केली. म्हणजे त्याने वेदना कमी होते याचा पुरावा दुबळा ठरला. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी निधीतील आढाव्यालाही स्प्लिंटच्या फायद्याचा पुरेसा पुरावा मिळाला नव्हता. दुसरीकडे, झोपेत दात खाणाऱ्यांचे दात झिजण्यापासून वाचवण्यासाठी तो वापरला जातो आणि अनेक दंतवैद्य तो आजही देतात.

रुग्णाने लक्षात ठेवायचे ते इतकेच. गार्ड दातांचे रक्षण करतो, तो सांधा ‘जागेवर बसवत’ नाही. सर्व दात झाकणारा, मापाने बनवलेला असावा. मोजकेच दात झाकणारा दीर्घकाळ वापरल्यास दात सरकून चावा बदलू शकतो. ‘दिवसरात्र लावा, मग चावा बदलेल आणि नंतर कॅप किंवा तारा बसवू’ असे सांगितले गेले, तर दुसरे मत घ्यावे. चावा कायमचा बदलणाऱ्या स्प्लिंटच्या विरोधात त्याच सूचनांनी ठाम शिफारस केली आहे.

बोटॉक्स, लेझर, सांधा धुणे यांचे काय?

बोटॉक्सने चावण्याचे स्नायू काही महिने सैल पडतात. लेझर, विजेच्या सौम्य लहरी, सांध्यात स्टिरॉइड किंवा हायलुरोनिक आम्लाचे इंजेक्शन हेही पर्याय दिले जातात. जुनाट वेदनेत या सगळ्यांविरुद्ध सौम्य शिफारस आहे. ते कधीच करू नयेत असा याचा अर्थ नाही. खर्च आणि जोखमीच्या मानाने फायदा अनिश्चित आहे, म्हणून ते सुरुवातीला नकोत.

सांधा धुण्याची, म्हणजे आर्थ्रोसेंटेसिसची पद्धत १९९१ मध्ये पुढे आली. दोन सुया घालून सांध्यातून द्रव वाहवला जातो. चकती अडकून तोंड अचानक उघडेनासे झाले आणि व्यायामाने फरक पडला नाही, अशा निवडक रुग्णांसाठी शल्यचिकित्सक हा पर्याय सुचवतात. केवळ जुन्या दुखण्यासाठी मात्र त्याचाही पुरावा कमकुवत आहे.

शस्त्रक्रिया कोणाला लागते?

फार थोड्या रुग्णांना. सांध्यातील गाठ, काही प्रकारचे अस्थिभंग, खूप पुढे गेलेली झीज आणि अँकिलोसिस ही त्याची कारणे. अँकिलोसिसमध्ये जबड्याचे हाड कवटीला चिकटून जुळते. लहानपणी हनुवटीवर पडल्यानंतर किंवा कानाच्या संसर्गानंतर हे होते. मुलाचे तोंड उघडत नाही आणि हनुवटीची वाढ खुंटते. येथे व्यायामावर विसंबून चालत नाही. जुळलेले हाड कापून मोकळे करावे लागते आणि नंतर महिनोन्‌महिने तोंड उघडण्याचे व्यायाम करावे लागतात.

घाईच्या शस्त्रक्रियेचा धडा अमेरिकेने घेतला आहे. १९८० च्या दशकात तेथे चकती काढून प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे रोपण बसवले जात होते. चावण्याच्या भाराखाली त्याचे तुकडे झाले, शरीराने त्यांना विरोध केला आणि हाड झिजू लागले. १९९०-९१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने इशारे देऊन ही रोपणे मागे घ्यायला लावली. अनेकांच्या नशिबी पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया आल्या. आज चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेविरुद्ध बीएमजेची शिफारस ठाम आहे.

थांबू नये अशी लक्षणे कोणती?

- जबड्यासोबत छातीत दडपण, घाम, डावा हात दुखणे : हा हृदयविकाराचा झटका असू शकतो, तातडीने रुग्णालय गाठावे.
- पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखणे, चावताना जबडा थकणे, नजर अंधुक होणे : रक्तवाहिनीचा दाह दृष्टी घालवू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.
- जखमेनंतर काही दिवसांनी दातखीळ बसणे : धनुर्वाताची शक्यता असते.
- सूज, ताप, गिळायला त्रास : अक्कलदाढेचा संसर्ग पसरत असू शकतो.
- तोंड वासलेलेच राहणे किंवा मार लागल्यावर दात नीट न जुळणे.
- विजेचा झटका बसावा तशी चेहऱ्यात कळ : हे मज्जातंतूचे दुखणे असू शकते, अशा वेळी दाढ काढण्याची घाई नको.
- दोन-तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा.

पुण्यात दाखवायचे कोठे?

अडचण अशी की हा आजार कोणत्याही एका खात्याचा नाही. अमेरिकेत चेहऱ्याच्या वेदनांना दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून मार्च २०२० मध्ये मान्यता मिळाली. भारतात एमडीएसच्या नऊ शाखांत ती नाही. म्हणून रुग्ण एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहतो.

फेऱ्या वाचवायच्या तर सुरुवात ओरल मेडिसिन विभागातून करणे सोयीचे. पुण्यात भारती विद्यापीठ, सिंहगड आणि आझम कॅम्पसमधील रंगूनवाला, तर पिंपरीत डी. वाय. पाटील अशी दंत महाविद्यालये आहेत. बीडीएस शिकवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयात ओरल मेडिसिन आणि मुख-जबडा शल्यचिकित्सा हे दोन्ही विभाग असतात. ससून रुग्णालयातही दंत विभाग आहे.

कोठेही गेले तरी चार प्रश्न विचारावेत. माझे नेमके निदान काय, स्नायू, चकती की झीज? सुचवलेला उपचार नको वाटल्यास मागे घेता येतो का? तो आता केला नाही, तर काय बिघडेल? आणि किती आठवड्यांत फरक दिसायला हवा? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर उपचार सुरू करायला हरकत नाही. ‘लगेच दात तासून घ्या’ किंवा ‘आजच पॅकेज ठरवा’ असे उत्तर आले, तर घरी येऊन शेक घ्यावा, मऊ खिचडी खावी आणि दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घ्यावी. वरील धोक्याची लक्षणे नसतील, तर आठवडाभर थांबल्याने जबड्याचे सहसा नुकसान होत नाही. तासलेला दात मात्र पुन्हा वाढत नाही.